बोलके ठोकळे, गप्प खडक

"वायरीक हात लावून तर बघ, विऱ्या! आवशीची शपथ, दर्यात ढकलून देतलंय तुका!"

"ढकल. माका पोहूक येता."

"नववी सोडलेल्यान माका समुद्र शिकवचो नाय."

"मग तूच शीक! एकदा पाण्यात डोका घालून बघ. सगळा लॅपटॉपातच कशाक बघतंस?"

ही माझी ताई, मृणाली. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. मी काठावरून वाकून पाण्यावर तरंगणाऱ्या पिवळ्या बोयाला धरलं होतं आणि माझ्या मुठीत भोंग्याची वायर होती.

"एक मासो ओळखीचो दिसलो म्हणजे पुरावो होणा नाय," ताई म्हणाली. "तुझ्या डोळ्यांक कोण विचारता?"

माझं डोकं सटकलं. मी वायर ओढली.

ओढली म्हणजे हिसकली. कनेक्टरची पिन वाकडी झाली, त्याचं रबरी टोपण पाण्यात गेलं आणि बोयावरचा हिरवा दिवा विझला. पाण्याखालचा भोंगा दोन वर्षांत पहिल्यांदा गप्प झाला. ताई ओरडली नाही, आणि ते जास्त वाईट असतं. तिने लॅपटॉप मिटला आणि इंजिनाकडे बोट दाखवलं.

भांडण कशावरून ते सांगतो.

आमची धामवाडी मालवणच्या खालच्या अंगाला. समोर राखण्याचा खडक. ओहोटीला वर दिसतो तो कासवाच्या पाठीएवढा, पण पाण्याखाली अख्खी वाडी मावेल एवढा पसरलाय. आत कपारी, बोगदे, प्रवाळाचे गड्डे. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो, जागा सांभाळणारा न दिसणारा देव, तसा या खडकालाही आहे. सूर्य बुडाला की तिथे कोणी होडी नेत नाही. ती त्याची फिरायची वेळ.

आता तिथून फेरीबोटींसाठी खोल वाट काढायचीय, म्हणजे खडक फोडायचा. पूर्वी सरळ सुरुंग लावला असता. आता नियम झालाय की माशांचं घर मोडायचं असेल तर आधी दुसरं घर बांधा, आणि मासे तिथे राहायला गेले हे सिद्ध करून दाखवा. म्हणून खडकापासून, पप्पांच्या भाषेत, एका बिडीच्या अंतरावर वाट काढणाऱ्यांनी ठोकळे टाकले. मशीनने सिमेंटचे थर चढवत बनवलेले ठोकळे. खडबडीत, आत भोकं, बोळ, माड्या. माझ्या खोलीपेक्षा चांगले.

पण घर बांधलं म्हणून मासे येत नाहीत. त्यांना पत्ता कळायला लागतो, आणि समुद्रात पत्ता कानाने कळतो.

जिवंत खडकाजवळ पाण्यात डोकं घाला. कढईत मोहरी तडतडते तसा आवाज येतो. ती बोटाएवढी कोळंबी असते, तिची एक नांगी दुसरीपेक्षा दांडगी. ती नांगी इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा होतो आणि फुटतो, चट्. अशा हजारो. वर पोपटमाशांचं कुरतडणं, बाकीच्यांचं गुरगुरणं. माशांची पिल्लं अंड्यातून निघाली की तांदळाच्या कणीएवढी असतात आणि प्रवाहाबरोबर उघड्या समुद्रात वाहून जातात. थोडी मोठी झाली की घर शोधत परत येतात, ती या तडतडीच्या दिशेने. जिथे गजबज जास्त, तिथे घर चांगलं, असा त्यांचा साधा हिशेब.

मग शास्त्रज्ञांनी लांबच्या एका तगड्या खडकाचा आवाज रेकॉर्ड केला, ठोकळ्यांत भोंगा बसवला आणि दिवसरात्र वाजवला. मासे आले. तांबोशी, पोपटमासे, हेकरू, नुसती जत्रा. पाण्याखालचे कॅमेरे आकार ओळखून मोजतात, ठोकळ्यांवर कायमचे बसवलेले, खडकावर दिवसा होडीतून सोडलेले. त्यांच्या मोजणीत ठोकळ्यांवर खडकाच्या तिप्पट मासे. आणि ती मोजणी माझ्या ताईच्या हातात. येत्या शुक्रवारच्या बैठकीत ती 'ठोकळे खडकाची जागा घेऊ शकतात' एवढं म्हणाली, की खडक गेला.

मी पर्यटकांना नळीचा चष्मा लावून पाण्यात फिरवतो. सकाळी खडकावर, दुपारी ठोकळ्यांवर. मला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे ठोकळ्यांवर सगळे बाप्ये नि बाया, पिल्लू एक नाही. लग्नाच्या हॉलमध्ये एकही पोर धावताना दिसलं नाही तर तुम्हाला काही वाटेल की नाही? दुसरी गोष्ट म्हणजे फाटक्या. फाटक्या हा हेकरू आहे, माझ्या मांडीएवढा. गळ लागून ओठ फाटलेला आणि गालावर पांढरा डाग. सकाळी तो खडकाच्या कपारीत असतो, दुपारी ठोकळ्यांच्या तळमजल्यावर. तोच. मी ताईला हे दहादा सांगितलं. अकराव्यांदा वायर ओढली.

घरी पप्पा पडवीत जाळं शिवत होते.

"काय झाला?"

"भोंगो बंद पडलो," मी म्हटलं.

"पडलो की पाडलो?"

"पाडलो."

पप्पांनी सुई खाली ठेवली. आतून ताईचा आवाज येत होता. ती तिच्या साहेबांना, देशिंगकर सरांना, फोनवर सांगत होती की नवी पिन गोव्याहून यायला दोन दिवस लागतील. होय सर. नाही सर. माझ्याच भावाने, सर. तिने खोटं सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं आणि रागही आला असता.

"ताईची नोकरी खातलंस तू," पप्पा म्हणाले.

"आणि खडक फुटलो तर?"

"राखणदाराचो खडक तो. तो बघून घेतलो."

"तो बघीत बसतलो आणि हे सुरुंग लावतले त्याका!"

पप्पांनी चप्पल फेकली. नेम चुकला, नेहमी चुकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणातच होतो तेव्हा ताईने माझ्या कानात हेडफोन कोंबला. तिचे डोळे लाल होते.

"आयक."

मोहरी तडतडत होती. बारीक, लांबून.

"ह्यो भोंगोच तर."

"भोंगो बंद आसा, गाढवा. तूच बंद केलंस." ती माझ्या चटईवर बसली. "भोंग्याशेजारी एक माइक आसा. त्याची बॅटरी वेगळी. दोन वर्षां त्याका भोंग्याशिवाय काय ऐकूकच येय नाय होता. काल पयल्यांदा ऐकला. ह्यो खरो आवाज. आपल्या खडकाचो."

मग तिने हेडफोन काढला आणि रेकॉर्डिंगची पट्टी पुढे सरकवली. "ह्यो तिन्हीसांजेचो."

तडतडीच्या खालून काहीतरी आलं. धुम्म. थांबून पुन्हा, धुम्म. ढोलावर कोणी ओली मूठ आपटावी तसं.

"आता ह्या बघ." तिने कॅमेऱ्याचं चित्र लावलं. ठोकळ्यांवर संध्याकाळचं हिरवट पाणी. पहिले मोठे हेकरू निघाले, मग तांबोशी, मग पोपटमाशांचा थवा. सगळे एकाच दिशेला. अंधार पडेपर्यंत ठोकळे रिकामे. शेवटच्या बसनंतर स्टँड असतं तसे. उजाडल्यावर सगळे परत हजर. भोंगा बंद असूनही.

"म्हणजे तुझो फाटक्या एकटो नाय," ताई म्हणाली. हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली. तिचं चुकलं की ती अशीच बोलते, दुसरीकडे बघून.

मी उठून बसलो. "चाकरमानी!"

"काय?"

"अगे, चाकरमानी आसत ते! मुंबयक खोली, कामधंदो थय, खाणा थय. पण गणपतीक, लग्नाक, बाळंतपणाक गावात. तुम्ही मुंबयतल्या खोलीत जावन माणसां मोजलात आणि म्हणालात, गावात कोण रवणाच नाय, पाडा घरां!"

ताईने कॅमेऱ्याचं चित्र बंद केलं. मग म्हणाली, "मोजणीचो आराखडो मीच केलंय. खडकावर सूर्यास्तानंतर मोजणी नको, म्हणान ठोकळ्यांवरचीसुद्धा दिवसाचीच धरूची, ह्या मीच लिवलंय. होडीवाले गेले नसते, पप्पांनी जावक दिला नसता. आणि खरा सांगू? माझोही पाय उचललो नसतो. कॅमेरो कायमचो लावूकसुद्धा दिलो नाय आपण. राखणदाराच्या अंगात खिळो मारूचो नाय म्हणान."

आम्ही खडकाला मान दिला आणि त्या मानापायीच तो मोजणीत रिकामा ठरला. अशी चूक बाहेरच्या माणसाने केली नसती. त्याने पहिल्याच दिवशी खिळा मारला असता.

"मग शुक्रवारी ह्याच सांग."

"एका रात्रीचा, तेसुद्धा मोडलेल्या भोंग्याचा? कोण ऐकतला? मासे खडकावर जावन काय करतत, ता दिसाक होया. तिन्हीसांजेक. थयच."

दोघांनीही पडवीकडे बघितलं, कारण आमच्या घरात होडी एकाचीच, पप्पांची.

"ह्यो आवाज खय गावलो तुमका?"

पप्पा दारात उभे होते. लॅपटॉपमधून अजून धुम्म धुम्म चाललं होतं. मी पप्पांना वादळात हसताना बघितलंय. असा चेहरा कधी बघितला नव्हता. ते हळूच उंबऱ्यावर बसले. लहानपणी ते त्यांच्या वडलांबरोबर होडीत होते, म्हणाले. परतायला उशीर झाला आणि खडकाजवळ होडीचा तळ आपोआप वाजायला लागला. पायाच्या तळव्यांना कळत होतं. आजोबांनी वल्ही उलटी मारली. राखणदार चालता, म्हणाले, मागे बघू नको.

"पप्पा," ताई हळू आवाजात म्हणाली, "ते हेकरू आसत. नर माद्यांक बोलवतत. अंडी घालूची वेळ."

पप्पा जमिनीकडे बघत राहिले. ते चिडले असते तर मला चाललं असतं.

"म्हणजे राखणदार नाय?"

एम.एस्सी. झालेल्या माझ्या ताईने लॅपटॉपचा आवाज बारीक केला. तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडातून आपोआप निघालं.

"आसा तर. त्याच्या घरात बाळंतपण चल्लला, म्हणान तर तो तिन्हीसांजेचो कोणाक आत घेणा नाय."

पप्पांनी मान वर केली. आधी मला वाटलं, दुसरी चप्पल येतेय. मग त्यांच्या मिशीचं टोक हललं.

"आज संध्याकाळी निघूया," ते म्हणाले. "पण विचारून."

देशिंगकर सरही आले. खरं तर ते मला झापायला आले होते. ताईने त्यांना हेडफोन लावला, तो आवाज त्यांनी दोन वेळा ऐकला आणि मग स्वतःच लाइफजॅकेट मागितलं. किनाऱ्यावर पप्पांनी ओल्या वाळूत नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या वेळेक तुझ्या दारात येतत."

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"चोरी करूक नाय, खिळो मारूक नाय, नुसती बघूक येतत."

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकला-माकला तर पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!" सर एकटेच, अर्धा सेकंद उशिरा, लाइफजॅकेटच्या शिट्टीसकट.

"आणि ह्या पोराक नववीत अक्कल इली नाय, ती आता तरी दी."

"व्हय म्हाराजा!" यावेळी ताई सगळ्यात मोठ्याने ओरडली.

खडकाच्या अलीकडेच पप्पांनी इंजिन बंद केलं आणि वल्ह्यांवर घेतलं. सूर्य पाण्याला टेकला होता. मग तळ वाजला. धुम्म. पायांना कळलं. पप्पांची वल्ही थांबली. त्यांनी मागे बघितलं नाही, पण या वेळी होडीही वळवली नाही.

मी लाल काच लावलेली बॅटरी घेतली. ताई म्हणते, लाल उजेड माशांना फारसा दिसत नाही. कॅमेरा कपाळाला बांधला आणि उतरलो.

खाली तो आवाज कानात येत नाही, छातीत येतो. कोणी आतून दार वाजवतंय असं वाटतं. खडकाच्या उतारावर हेकरू जमले होते, मला मोजता येणार नाहीत एवढे. दिवसा तपकिरी असतात, आता रंग बदलून फिकट झाले होते, अंगावर पट्टे. मध्ये फाटक्या. ओठ फाटलेला, पण ऐट बघावी. फुगून उभा, अंग थरथरवून धुम्म करायचा आणि बाजूच्या दोन माद्यांकडे बघायचा. दुपारी ठोकळ्यांच्या तळमजल्यावर हाच मासा पेन्शनरासारखा पडून असतो.

दम संपला म्हणून वर आलो, परत गेलो. आता कपारीत लाल उजेड टाकला. आधी वाटलं, नुसता कचरा तरंगतोय. मग त्या कचऱ्याला डोळे दिसले. नखाएवढे हेकरू. त्याहून बारीक तांबोशी. प्रवाळाच्या प्रत्येक फटीत पोरंच पोरं, एकमेकांना ढकलत. ठोकळ्यांत बोळ आहेत, माड्या आहेत, पण एवढ्या बारीक फटी मशीनला काढता आल्या नाहीत. या फटींत मोठ्या माशाचं तोंड शिरत नाही.

मी वर आलो आणि होडीला लटकलो. हसायला येत होतं आणि नाकातोंडात पाणी.

"काय दिसला? बोल मरे!" ताईने माझे केस धरले.

"पोरां... पोरां आसत गे. भरान आसत."

ताईने केस सोडले नाहीत. तसेच धरून रडली. पप्पांनी पाण्यात हात बुडवून कपाळाला लावला.

देशिंगकर सर हेडफोन लावून बसले होते. ते म्हणाले, "मृणाली, तो भोंगा चालू असताना इथलं किती ऐकू जात असेल?"

ताईने डोळे पुसले. "समुद्रातून येणाऱ्या पिल्लांना? फारच थोडं, सर. शेजारी डीजे लागला की घरातल्या माणसाची हाक ऐकू येते का? कितीतरी पिल्लं आवाज मोठा म्हणून ठोकळ्यांकडे जात होती. आणि तिथे लपायला फटी नाहीत, त्यांना खायला मोठे मासे टपलेले."

"म्हणजे भोंगा जितका मोठा, तितका हा खडक रिकामा होत जाणार," सर म्हणाले. "आणि आपण त्यालाच पुरावा समजून नाचत होतो." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. शर्ट ओला होता, चष्मा आणखी घाण झाला. "ठोकळे वाईट नाहीत. दुपारची सावली आहे, खाणं आहे. पण ते या घराची पडवी आहेत. घर पाडून पडवी ठेवता येत नाही."

मी सरांवर पुढच्या वर्षभराचा राग काढायचं ठरवलं होतं. तो वाया गेला.

गोव्याहून पिन आली तरी ताईने ती बैठकीपर्यंत बसवली नाही. भोंगा गप्प ठेवून रोज तिन्हीसांजेला आम्ही खडकावर गेलो. रोज गाऱ्हाणं, रोज माझ्या अकलेचा उल्लेख. शुक्रवारी मी बैठकीच्या खोलीबाहेर उभा होतो, कारण आत बसलो तर कोणाला तरी काहीतरी बोलेन हे घरच्यांना माहीत होतं. दारातून आधी ताईचा आवाज आला, मग धुम्म. तिने तो स्पीकरवर लावला होता. टेबलावरचे पाण्याचे ग्लास किणकिणले.

फेरीबोटींची वाट आता उत्तरेकडून वाळूवरून जाणार. थोडी लांब पडेल, पर्यटक दोन फोटो जास्त काढतील. खडक राहिला. ठोकळेही राहिले. ताई बाहेर आली, मला बघितलं आणि म्हणाली, "भूक लागली." आम्ही स्टँडसमोर बसून एवढी भजी खाल्ली की पप्पांनी दुसऱ्या दिवशी मला होडीत मागे बसवलं, समतोल राहावा म्हणून. कित्येक महिन्यांत आमच्या घरात इतकं हलकं वाटलं नव्हतं.

पप्पा अजूनही म्हणतात, राखणदार चालता. ताई म्हणते, हेकरू बोलवतत. दोघं एकाच होडीत बसून म्हणतात.

आता भोंगा फक्त दिवसा वाजतो, तोही बारीक. तिन्हीसांजेच्या आधी तो बंद करायचा, म्हणजे माशांना घरची हाक ऐकू येते. त्याला टायमर आहे, पण मी हिसकल्यापासून नवी पिन घालूनही तो टायमरचं ऐकत नाही. म्हणून ते काम माझ्याकडे आलंय, पगारी. वायर ओढायची नाही, बटण दाबायचं, असं ताईने बोयावरच रंगाने लिहून ठेवलंय.

हे मी धक्क्यावर बसून फोनवर लिहितोय. अजून सांगायचं होतं, फाटक्याच्या बायकांचं, सरांच्या शिट्टीचं, पण ऊन उतरलं. पप्पा वल्ही घेऊन हाका मारतायत. तिकडे फाटक्या ठोकळ्यांतून निघायच्या तयारीत असेल आणि भोंगा अजून चालूच आहे. मला आता जायलाच हवं.